सार्वजनिक आरोग्याची उच्च विद्या आणि आपला सीमाभाग

एखाद्या लहान आणि विकासाच्या वाटेवर असलेल्या देशाने सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण आपल्या घरी कसे उभारावे, हा प्रश्न जगात पुष्कळ ठिकाणी विचारला जातो. दवाखाने बांधता येतात, औषधे विकत आणता येतात, डॉक्टरही काही वर्षांत तयार होतात. परंतु साऱ्या लोकवस्तीच्या आरोग्याचा हिशेब ठेवणारी, रोग कोठून येतो, कोणास गाठतो आणि कशाने आटोक्यात येतो हे शोधून काढणारी माणसे कोठे आणि कशी शिकवावीत, हे सहसा ठरत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४७ लाख ८० हजार भरली. याहून कमी वस्तीचे कितीतरी स्वतंत्र देश आज पृथ्वीच्या पाठीवर आहेत. तेव्हा बेळगाव, निपाणी आणि आसपासचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला, तर तो केवळ पुस्तकी राहणार नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पटकी झालेल्या रोग्यास सलाईन लावून वाचविणे हे वैद्यकाचे काम. ज्या विहिरीचे पाणी त्या रोग्याने प्यायले ती विहीर शोधणे, त्याच विहिरीचे पाणी आणखी कोण पितो हे पाहणे आणि उद्याचे दहा रोगी आजच टाळणे, हे सार्वजनिक आरोग्याचे काम. पहिल्या कामाचे यश डोळ्यांना दिसते. बरा झालेला रोगी हात जोडून घरी जातो. दुसऱ्या कामाचे यश दिसत नाही, कारण जो आजारीच पडला नाही तो कोणाचे आभार मानणार? म्हणूनच या दुसऱ्या विद्येकडे समाजाचे आणि सरकारचेही लक्ष उशिरा गेले.

आपल्या देशात या विद्येचे पहिले मोठे पीठ १९३२ च्या अखेरीस कलकत्त्यास उभे राहिले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने स्थापन झालेल्या त्या अखिल भारतीय संस्थेने पुढे १९३९ मध्ये हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे खेड्यांतील प्रात्यक्षिकाचे केंद्र काढले. १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. त्या अहवालातील बालमृत्यूचे आकडे आज वाचतानाही मन विषण्ण होते. जिवंत जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी सुमारे १६० अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला समाजाच्या आरोग्याचे शिक्षण मिळाले पाहिजे, असा या समितीचा आग्रह होता. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना येथूनच रुजली आणि १९५२ पासून ती खेडोपाडी प्रत्यक्षात येऊ लागली.

तरीही बराच काळ या विषयातील उच्च पदवी म्हटली की दृष्टी परदेशाकडेच वळे. महाराष्ट्रातील दोन दांपत्यांची उदाहरणे आपणां सर्वांस परिचित आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये जामखेड येथे कामास आरंभ केला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही त्याच विद्यापीठात शिकले आणि पुढे गडचिरोलीत स्थिरावले. नवजात अर्भकांची घरच्या घरी काळजी कशी घ्यावी हे खेड्यातील स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करता येतात, हे बंग दांपत्याने १९९९ साली साऱ्या जगापुढे आकड्यांनिशी मांडले. जामखेडमध्ये अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांनी गावाच्या आरोग्याची धुरा वाहिली, आणि ते पाहण्यास देशोदेशीचे लोक येऊ लागले.

या दोन्ही उदाहरणांचा अभिमान बाळगीत असतानाच एक प्रश्न मनात उभा राहतो. ही मंडळी परत आली, हे आपले भाग्य. परंतु जी परत येत नाहीत त्यांचे काय? आणि जे परदेशी जाऊच शकत नाहीत त्यांचे काय? लहान देशाची खरी अडचण हीच असते. तो दरवर्षी दोनचार हुशार तरुण बाहेर पाठवितो. त्यांतील काही तेथेच राहतात. जे परततात ते ज्ञान घेऊन येतात, पण त्या ज्ञानाची उदाहरणे दुसऱ्या देशाची असतात. ती विद्या आपल्या मातीत रुजवावयाची, तर शाळाही याच मातीत हवी. आपल्याकडे तिरुवनंतपुरम येथील अच्युत मेनन केंद्राने १९९७ पासून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी देण्यास प्रारंभ केला, तो याच जाणिवेने.

आता बेळगावकडे वळू. या गावाला सार्वजनिक आरोग्याची परंपरा नवी नाही. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे मैदान बेळगावकरांस सभा आणि खेळांसाठी ठाऊक आहे. पण त्या नावामागे देवीच्या लशीचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील संस्थेत देवीची लस तयार होत असे आणि मुंबई इलाख्यातील गावोगावच्या दंडांवर ती टोचली जात असे. देवीचा रोग आज जगातून नाहीसा झाला आहे. भारतातील त्याचा शेवटचा रोगी १९७५ साली नोंदला गेला. त्या यशात अशा लस-संस्थांचा वाटा मोलाचा होता.

१९१६ मध्ये स्थापन झालेल्या केएलई संस्थेने १९६३ साली बेळगावात वैद्यकीय महाविद्यालय काढले. जवाहरलाल नेहरूंचे नाव धारण करणारे हे महाविद्यालय चालू शतकाच्या आरंभी एका आंतरराष्ट्रीय संशोधनजाळ्यात सामील झाले. माता आणि बालके यांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या या जाळ्यात आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशिया या खंडांतील केंद्रे होती. आपल्या नागपूरचेही एक केंद्र त्यात होते. या जाळ्यातून बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत जे काम झाले, त्यातील दोन प्रकरणे मी आज आपणांपुढे ठेवणार आहे. उच्च शिक्षण म्हणजे काय, हे कोणत्याही व्याख्येपेक्षा ती अधिक नीट सांगतील.

पहिले प्रकरण बाळंतपणातील रक्तस्रावाचे. मूल सुखरूप जन्मते, घरात आनंदीआनंद होतो, आणि त्याच वेळी आईच्या अंगावरून रक्त जाऊ लागते. ते थांबले नाही तर काही तासांत खेळ आटोपतो. मातामृत्यूंच्या कारणांत रक्तस्राव हे सर्वांत मोठे कारण आहे. रुग्णालयात यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन असते. परंतु ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचणारा हात शिकलेला असावा लागतो. २००२ च्या सुमारास जिल्ह्यातील कितीतरी बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात होत असत, आणि तेथे हजर असे ती नर्सबाई, म्हणजे आरोग्यसेविका. तिच्यापाशी ना शीतकपाट, ना डॉक्टर.

मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या स्वस्त असतात, साध्या हवेत टिकतात आणि पाण्याबरोबर गिळता येतात. नर्सबाईने त्या दिल्या तर रक्तस्राव टळेल काय, हा प्रश्न होता. महाविद्यालयातील डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर, अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डर्मन आणि त्यांचे सहकारी यांनी तो प्रश्न तर्काने सोडविण्याऐवजी मोजून सोडविण्याचे ठरविले. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात १,६२० बाळंतिणींचा अभ्यास झाला. ८१२ जणींस खरे औषध मिळाले; ८०८ जणींस दिसावयास तशाच, पण औषधाचा अंश नसलेल्या गोळ्या मिळाल्या. कोणास काय मिळाले हे ना बाळंतिणीस ठाऊक, ना नर्सबाईस. अशा रीतीनेच मनाचा कल निकालात शिरत नाही.

गोळ्या देणाऱ्या, बाळंतपण करणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या होत्या २५ आरोग्यसेविका. मोजण्याची रीत पाहण्याजोगी होती. बाळंतिणीच्या अंगाखाली प्लॅस्टिकचे एक वस्त्र अंथरावयाचे. त्याच्या टोकाशी नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. रक्त पिशवीत जमते आणि किती गेले ते रेघेवर वाचता येते. याची गरज काय, असे कोणी विचारील. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात १२३ बाळंतिणींवर झालेल्या एका तुलनेत असे आढळले, की नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतो. म्हणजे अनुभवी माणसांचे डोळेदेखील फसतात, आणि ते नेमके धोका लहान दाखविण्याच्या बाजूने फसतात.

निकाल २००६ साली 'लॅन्सेट' या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्या स्त्रियांत शेकडा १२ जणींस अतिरिक्त रक्तस्राव झाला होता. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ६.४ वर आले. अतिशय गंभीर रक्तस्राव शेकडा १.२ वरून ०.२ वर आला. हिशेबच करावयाचा तर दर १८ बाळंतिणींस औषध दिल्याने एकीचा रक्तस्राव टळला. काहींना थंडी वाजली, थोडा ताप आला, पण तो लवकर उतरला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी हे औषध आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. मापाच्या पिशवीचीही पुढे चाल झाली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील रुग्णालयांत अशाच मोजपिशवीने रक्तस्राव वेळीच ओळखून एकत्रित उपचार केले असता गंभीर परिणाम शेकडा ६० नी कमी झाले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

श्रोतेहो, या साऱ्या खटाटोपात शिक्षण कोणाचे झाले, याचा विचार करावा. त्या २५ जणींना गोळी कशी द्यावी हे शिकविणे एका दुपारचे काम होते. परंतु आपल्या हातून होणारी गोष्ट मोजावी, जे दिसले तेच लिहावे, मनाजोगे नसले तरी लिहावे, आणि स्त्रीची संमती तिला समजेल अशा शब्दांत घ्यावी, हे शिकविणे मोठे काम होते. विद्यापीठांत ज्याला संशोधनपद्धती म्हणून वर्षभर शिकवितात तीच ही विद्या होय. ती खेड्यातील नर्सबाईस आत्मसात करता येते, हे बेळगावने सिद्ध केले.

दुसरे प्रकरण खुद्द शिक्षणाच्याच परीक्षेचे आहे. जन्मल्याबरोबर न रडणाऱ्या बालकास पहिल्या मिनिटाच्या आत श्वास घेण्यास मदत कशी करावी, याचा एक अभ्यासक्रम अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० च्या सुमारास तयार केला. बाहुलीवर सराव करून तो शिकता येतो. बेळगावातील प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि रुग्णालये यांतील ५९९ प्रसूतिसाहाय्यकांना हे शिक्षण दिले गेले. एरवी आपण येथे थांबलो असतो. समारंभ झाला, प्रमाणपत्रे वाटली, छायाचित्र निघाले, शिक्षण संपन्न झाले! येथे तसे झाले नाही. शिक्षणापूर्वीची ४,१८७ आणि शिक्षणानंतरची ५,४११ बाळंतपणे ताडून पाहण्यात आली.

मृत जन्मलेल्या बालकांचे प्रमाण शेकडा ३ वरून २.३ वर आले. ज्यांचा मृत्यू प्रसूतीच्या वेळीच ओढवला अशा बालकांचे प्रमाण १.७ वरून ०.९ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आले. परंतु जिवंत जन्मलेल्या बालकांच्या पहिल्या महिन्यातील मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवले म्हणजे विचार करण्यास जागा मिळते. पूर्वी निपचित जन्मलेले मूल 'मेलेलेच आले' म्हणून बाजूस ठेवले जाई. त्यांतील काहींत प्राण होता. शिकलेल्या हातांनी त्यांना श्वास दिला. पण पुढच्या अठ्ठावीस दिवसांतील धोके, म्हणजे कमी वजन, जंतुसंसर्ग आणि थंडी, हे निराळे आहेत. त्यांसाठी निराळे शिक्षण आणि निराळी सोय हवी. एका शिक्षणक्रमाने काय साधले आणि काय साधले नाही, हे दोन्ही प्रामाणिकपणे मांडले गेले, हे मला या कामातील सर्वांत मोलाचे वाटते.

उच्च शिक्षणाचे मर्म येथे आहे. सार्वजनिक आरोग्यात 'उच्च' तेच शिक्षण, जे शिकणाऱ्यास स्वतःच्या कामाची तपासणी करण्यास समर्थ करते. इमारत, पदवी आणि परदेशी पाहुणे ही त्याची साधने असतील, लक्षण नव्हे.

आता निपाणीकडे येऊ. कारण बेळगावने जे मिळविले त्याचा लाभ सीमेवरच्या माणसास पुरता मिळावयाचा, तर काही अडचणी दूर केल्या पाहिजेत, आणि त्या अडचणी याच भागाच्या आहेत.

पहिली अडचण भाषेची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागावर जो वाद चालू आहे तो सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निवाडा करणे हा आजच्या भाषणाचा विषय नाही. परंतु निवाडा काहीही होवो, आज सकाळी एखाद्या मराठी घरातील बाळंतीण नर्सबाईपुढे बसते तेव्हा ती आपले दुखणे मराठीतच सांगते. 'लई अंगावरनं जातंय' असे ती म्हणते. हे जाणे पांढरे की लाल, कालपासूनचे की महिन्याचे, हे तिला तिच्याच बोलीत विचारावे लागते. सरकारी नोंदवही कन्नडात असते, वरिष्ठांकडे जाणारा अहवाल पुष्कळदा इंग्रजीत. बोलीतून वहीत आणि वहीतून अहवालात जाताना लक्षणाचा अर्थ निसटला, तर पुढचा सारा हिशेब चुकतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. चंदगड किंवा जत तालुक्यात कन्नड बोलणाऱ्या आईलाही हीच अडचण येते. म्हणून सीमाभागात आरोग्याची विद्या दोन्ही भाषांतून शिकविली पाहिजे. यात कोणत्याही भाषेची मेहेरबानी नाही. अचूक नोंदीची ती गरज आहे.

दुसरी अडचण नोंदवहीच्या हद्दीची. निपाणीचा माणूस बाजारास, नोकरीस, लग्नकार्यास कोल्हापुरास जातो. मोठे दुखणे आले की मिरजेची वाट धरतो. त्याचा क्षय एका राज्यात निघतो, औषध दुसऱ्या राज्यात चालू होते. २०१२ पासून 'निक्षय' ही देशव्यापी नोंदव्यवस्था असल्यामुळे रोग्याचे नाव एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठविता येते. परंतु नाव पोहोचले म्हणून माणूस पोहोचला असे होत नाही. तो औषध घेतो की नाही हे विचारणारी व्यक्ती दोन्ही बाजूंस असावी लागते आणि त्या दोघींची एकमेकींशी ओळख असावी लागते. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशांची तपासणी-प्रमाणपत्रे पाहिली जात होती. त्या नाक्यावर प्रवासी अडविता येत होते. पण दोन्ही बाजूंच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून साथीचा नकाशा काढावा, यासाठी कायमची जागा कोठे होती? पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपली जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांस लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. उपचाराचा खर्च कोणी द्यावा यावर दोन राज्यांत मतभेद होऊ शकतात. साथ येण्याआधी ती ओळखावी, यावर मतभेद होण्याचे कारण नाही.

रोग तर सीमा जाणतच नाहीत. माकडतापाचे उदाहरण घ्या. हा रोग १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेला. माकडांच्या आणि रानातील गोचिडांच्या द्वारे तो माणसास गाठतो. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दिसला. खानापूर तालुक्याची जंगलपट्टी सत्तरीला भिडलेली आहे. काजूच्या हंगामात मजूर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात. रानात मेलेले माकड दिसले की ते कोणास कळवावे, हे त्या मजुरास ठाऊक हवे. आणि ज्याला कळवावयाचे त्याला तीन राज्यांतील माणसे ठाऊक हवीत.

तिसरी गोष्ट निपाणीची स्वतःची आहे, आणि ती म्हणजे तंबाखू. या गावाची भरभराट तंबाखूने केली. वखारींत हजारो स्त्रियांच्या हातांस काम तंबाखूने दिले. त्याच तंबाखूची धूळ त्यांच्या छातीत जाते. शेतात ओली पाने हाताळताना त्यातील निकोटिन कातडीवाटे अंगात भिनते आणि मळमळ, चक्कर, ओकाऱ्या सुरू होतात. वखारीतील बाईचा खोकला धुळीचा की क्षयाचा, हे ओळखण्यास कलकत्त्याचे वा बाल्टिमोरचे पुस्तक पुरे पडणार नाही. येथे वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद लागेल. तंबाखू वाईट, एवढे सांगून भागत नाही. ज्या घराची चूल तंबाखूवर पेटते त्या घरास आरोग्याची गोष्ट कशी सांगावी, हाही एक अभ्यासाचाच विषय आहे. जगातील तंबाखू पिकविणाऱ्या साऱ्या लहान देशांना तो निपाणीकडून शिकता येईल.

मग करावे काय? माझ्या मते बेळगावात सीमाभागासाठी सार्वजनिक आरोग्याचा एक संयुक्त शिक्षणक्रम उभा राहावा. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांनी आपले आरोग्य कर्मचारी तेथे पाठवावेत. शिकविणारे बेळगावचे असावेत, तसेच कोल्हापूर, मिरज आणि गोवा येथील वैद्यकीय महाविद्यालयांचेही असावेत. शिक्षणाचा अर्धा काळ वर्गात आणि अर्धा खेड्यात जावा. प्रत्येक विद्यार्थ्याने सीमेच्या दोन्ही बाजूंचे एकेक गाव घ्यावे, तेथील एका प्रश्नाची वर्षभर नोंद ठेवावी आणि अखेरीस आपला निष्कर्ष त्या गावच्या चावडीवर, गावाच्या भाषेत, गावकऱ्यांपुढे मांडावा. परीक्षकांनी त्या सभेत बसून गुण द्यावेत. ज्यास आपले संशोधन गावास समजावून सांगता येत नाही, त्यास ते स्वतःस समजले आहे असे कसे मानावे?

या योजनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. नर्सबाईस वर चढण्याची पायरी मिळाली पाहिजे. आज बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून मुलगी आरोग्यसेविका होते. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात बसावयाचे तर पदवी लागते. ती तिच्यापाशी नसते. परिणामी वीस वर्षे गावातील प्रत्येक गर्भवतीची नोंद ठेवणारी बाई त्या वर्गाच्या दारापर्यंतही पोहोचत नाही, आणि जिने एकही गाव पाहिलेले नाही अशी पदवीधर विद्यार्थिनी तिच्या कामावर प्रबंध लिहिते. मधल्या शिक्षणक्रमांची शिडी बांधून, अनुभवास गुण देऊन ही दरी भरता येईल. ज्या २५ जणींच्या हातांनी जगाच्या औषधयादीस पुरावा पुरविला, त्यांच्या धाकट्या बहिणींना एवढा अधिकार आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की पदव्या देऊन पदे कोठे आहेत? हा आक्षेप खोटा नाही. तमिळनाडूत १९३९ पासून सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि स्वतंत्र खातेही आहे; तेथे ही विद्या शिकलेल्यास तिला साजेसे काम मिळते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांत असा स्वतंत्र सेवावर्ग असावा असे म्हटले, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याविषयी मार्गदर्शनही केले. तेव्हा शाळा आणि पदे या दोन्ही गोष्टी हातात हात घालून उभ्या केल्या पाहिजेत. पदे निर्माण होईपर्यंत शाळा नको म्हटले, तर पदे निर्माण होतील त्या दिवशी ती भरावयास माणसे असणार नाहीत.

दुसरा आक्षेप पैशाचा. परदेशी साहाय्यावर उभे राहिलेले काम त्या साहाय्याबरोबर ओसरते, असे कोणी म्हणेल. तेही खरे आहे, आणि म्हणूनच त्या साहाय्यातून जे कायमचे मिळते ते ओळखून जपले पाहिजे. प्रयोग संपतो, निधी संपतो. परंतु मोजावयास शिकलेली माणसे उरतात. बेळगाव आणि नागपूर येथे २००८ पासून सुरू झालेली गर्भवतींची नोंद, जीत प्रत्येक स्त्रीची विचारपूस बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत केली जाई, ती ठेवणारी माणसे हेच खरे भांडवल. त्यांना कामावर टिकविण्यासाठी लागणारा पैसा हा रुग्णालयाच्या एका नव्या मजल्याच्या खर्चापेक्षा खचितच कमी असेल.

श्रोतेहो, २००१ ते २००३ या काळात आपल्या देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता मृत्यू पावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात ही संख्या ९७ वर आली. महाराष्ट्रात ती ३३, कर्नाटकात ६९. प्रगती मोठी आहे, यात शंका नाही. पण दोन शेजारी राज्यांच्या आकड्यांत एवढे अंतर का असावे, आणि दोहोंच्या मधोमध वसलेल्या निपाणी, चिकोडी, खानापूर या तालुक्यांचा आकडा कोणत्या बाजूस झुकतो, हे राज्याच्या सरासरीवरून कळत नाही. ते कळावयाचे तर गावागावांत नोंद ठेवणारे आणि त्या नोंदीचा अर्थ लावणारे लोक हवेत. त्यांना शिकविण्याची सामग्री बेळगावात आहे, तशी ती कोल्हापुरात आणि गोव्यातही आहे. तिन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एका मेजाभोवती बसून पहिल्या तुकडीची यादी तयार करावी, आणि त्या यादीत आरोग्यसेविकांची नावे सर्वांत आधी घालावीत, एवढीच माझी विनंती आहे.